जवसाच्या फुलाचा समुद्र

पुण्याहून पाथरीला कशाला गेला होतात, हे परत आल्यापासून मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदा सगळं लिहूनच काढावं म्हटलं. परभणी जिल्ह्यात माझं नात्यातलं कुणी नाही, तिकडे कधी जाणंही झालं नव्हतं. "चित्रं रंगवायला गेले होते" असं सांगितलं की ऐकणारा "अस्सं" म्हणतो आणि विषय बदलतो.

मी एका फोटो स्टुडिओत काम करते. काळ्या-पांढऱ्या फोटोंवर हाताने रंग चढवायचा, गालांना जराशी लाली, दागिन्यांना पिवळं, काठाला हिरवं. फोटो घेऊन येणाऱ्याला मी एक प्रश्न हमखास विचारते, लुगड्याचा रंग कोणता होता? आया आणि बहिणी पटकन सांगतात. नवरे गोंधळतात. वारलेल्या बायकोचा फोटो मोठा करून घ्यायला आलेला माणूस बराच वेळ आठवत बसतो आणि शेवटी म्हणतो, "लावा तुम्हाला चांगला वाटेल तो." असे कितीतरी रंग मी माझ्या मनाने लावलेत.

गेल्या पौषात आमच्या स्टुडिओत पाथरीच्या एका वृद्ध वकिलांचं पत्र आलं. त्यांच्याजवळ एक जुनं विलायती प्रवासाचं पुस्तक होतं. त्यातली चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली आणि मग एकेक करून हाताने रंगवलेली. रंगवणाऱ्याचं काम मात्र मध्येच थांबलेलं, त्यामुळे पुढची चित्रं कोरीच राहिली होती. वकिलांच्या पत्नीला काचबिंदू झाला होता. नजर फार दिवस टिकणार नाही, असं हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. दिसतंय तोवर तिला उरलेली चित्रं रंगीत दाखवायची आहेत, कुणी कसबी माणूस पाठवाल का, असं त्यांनी विचारलं होतं.

"जा मालती," आमचे मालक म्हणाले, "पण हात लावताना शंभरदा विचार कर. इतक्या जुन्या चित्रावर आज रंग लावला तर जाणकार ते चित्र बिघडलं असंच म्हणतील. आणि एकदा लागलेला रंग निघत नाही."

हे वाक्य सोबत घेऊनच मी निघाले.

मानवत रोड

मनमाडला गाडी बदलली, मानवत रोडला उतरले. उजाडलं होतं, पण थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात चहा मागितला तर मालकाने विचारलं, "गोड पायजे का लय गोड?" मी नुसता गोड म्हटलं. तो इतका गोड निघाला की दुसरा कसा असेल याची कल्पना करवेना.

पाथरीच्या मोटारीत मला खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन. आमच्याकडची माती तांबूस किंवा करडी. इथली अशी काळी की नुकतीच भिजवलीय असं वाटावं. त्यावर ज्वारी डोक्याएवढी उभी. मध्येच मोटार गचकन थांबली. समोर मेंढरांचा मोठा कळप रस्ता ओलांडत होता, सगळी काळी, आणि मागून एक धनगरीण डोक्यावर बोचकं घेऊन सावकाश चाललेली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला, तिने वळूनही पाहिलं नाही.

त्या गचक्यात माझी पिशवी मांडीवरून खाली गेली आणि निळ्या रंगाची बाटली फुटली. पिशवी उचलून घेईतो लुगड्यावर वीतभर डाग पडला होता. कंडक्टर हळहळला. "शाई सांडली काय बाई? लिंबू घासा, जातंय." मी मान डोलावली. तो रंग कशानेच जाणार नव्हता. फोटोवर वर्षानुवर्षं टिकावा म्हणून बनवलेला तो रंग.

पाथरी

मोटार थांबली तिथे वकीलसाहेब स्वतः उभे होते. शेरवानी, काळी टोपी, हातात काठी. "तकलीफ लय झाली असंल," असं म्हणून त्यांनी माझी पिशवी घेतली आणि मी नको नको म्हणेपर्यंत चालायलाही लागले. वाटेत लोक त्यांना "वकीलसाब" म्हणून सलाम करत होते. त्यांची सगळी वकिली उर्दूत झालेली. मुलूख मुंबई राज्यात आला आणि कोर्टातली उर्दू गेली. "नवी भाषा शिकायचं वय न्हाई ऱ्हायलं, म्हणून घरी बसलो," ते हसत म्हणाले. "आता एकच मुवक्किल हाय घरात. लय हुज्जत घालतो."

हा एकमेव अशील म्हणजे त्यांची पत्नी. त्यांना सगळं गाव आक्का म्हणतं. धाब्याचं छोटं घर, अंगणात कडुलिंबाचं झाड, आणि ओसरीवर उंच, सडपातळ आक्का उभ्या. त्यांची नजर कडेकडेने विझत आली होती. मधला वाटोळा तुकडाच तेवढा स्वच्छ दिसायचा, नळकांडीतून पाहावं तसा. म्हणून त्या मान हळूहळू फिरवत माणूस तुकड्यातुकड्याने पाहायच्या. माझा चेहरा पाहून झाला, मग पदर, आणि मग डागापाशी त्या थांबल्या.

"हे काय माय? लुगड्यावर जवस फुलला का काय?"

जवसाची चटणी मी जन्मभर खाल्ली होती, त्याचं फूल निळं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

जेवायला तुरीच्या कोवळ्या सोल्यांची आमटी, करडईची भाजी, लसणाचं तिखट आणि त्यावर कच्चं करडईचं तेल. आमच्याकडे भाकरी ताटात मावते, इथली ताटाबाहेर डोकावते. मी एकीतच थांबले तेव्हा आक्कांनी माझा अंदाज घेतला आणि वकीलसाहेबांना म्हणाल्या, "पुण्यात दाणे मोजून खात असतील."

दुपारी भांडी आवरल्यावर वकीलसाहेबांनी फडक्यात बांधलेलं पुस्तक आणलं. गाठ सोडताना त्यांचे हात फार जपून चालत होते.

पहिली पानं नव्हतीच, त्यामुळे पुस्तकाचं नाव कुणालाच माहीत नाही. तरुणपणी सिकंदराबादेत एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या सामानाचा लिलाव होता, तिथून त्यांनी ते नव्या नवरीसाठी आणलं. लग्नात त्यांनी तिला हैदराबाद दाखवीन, काश्मीर दाखवीन, समुद्र दाखवीन असं कबूल केलं होतं. मग घरची जबाबदारी, आजारपणं, मुलुखातली धामधूम. मूलबाळ झालं नाही. राहून गेलं ते राहूनच गेलं. त्याऐवजी रोज दुपारी एक चित्र उघडायचं, वकीलसाहेबांनी त्याखालचा मजकूर वाचून सांगायचा, असा त्यांचा नेम पडला.

चित्रं मात्र खरोखर सुंदर होती. प्रत्येकावर पातळ कागदाचा पडदा. तो उचलला की खाली घाट, कमानींचे पूल, होड्या, बर्फाचे डोंगर. केसाएवढ्या बारीक रेघांनी ढगसुद्धा कोरलेले. रंग इतका पातळ लावलेला की एकही रेघ बुजलेली नव्हती. कागदावर तपकिरी ठिपके आले होते, कुठे कसरीची भोकं, पण एका घाटावरच्या बाईचा लाल झगा काल रंगवल्यासारखा ताजा होता. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी माझ्याच धंद्यातलं कुणीतरी तिकडे विलायतेत खिडकीशी बसून हे करत होतं, या विचाराने मला उगीचच आपलेपणा वाटला. मग पुस्तकाच्या मध्यावर रंग संपले. पुढे सगळी कोरी.

मी रंगांची पेटी काढली तशा आक्का पुढे वाकल्या. "हे कशाला?"

वकीलसाहेबांनी आक्कांना काहीच सांगितलेलं नव्हतं. लहान मुलाने मूठ उघडून दाखवावी तशा चेहऱ्याने ते म्हणाले, "उरलेली चित्रं रंगवून घ्यायची. तुला दिसतंय तवर."

आक्कांनी पेटीतल्या बाटल्या एकेक करून पाहिल्या. मग पुस्तकावर हात ठेवून म्हणाल्या, "नको."

"का बरं?"

"नको म्हणलं ना. ह्याला रंग लावू नका."

"अगं, त्या पुण्याहून आल्यात!"

"पाहुणी म्हणून ऱ्हाऊ द्या. महिनाभर ऱ्हायल्या तरी जड न्हाईत. पण रंग नको."

वकीलसाहेबांनी पातळ कागद नीट बसवला, पुस्तक मिटलं, फडक्यात बांधलं. मग अंगणात जाऊन आडाचं पाणी शेंदू लागले. रांजण काठोकाठ भरलेला होता. तरी ते शेंदत राहिले.

शिवारात

दुसऱ्या दिवशी शेजारच्या माणिकरावांनी हुरडा खायला शेतात बोलावलं होतं. वकीलसाहेब काम आहे म्हणून घरी राहिले. त्यांना काहीच काम नव्हतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं. माणिकरावांच्या बैलगाडीत कडब्यावर घोंगडी टाकून आम्ही निघालो.

गावाबाहेर पडल्यावर माझ्या डागाला आक्का जवस का म्हणाल्या ते कळलं. ज्वारीच्या पलीकडे एक पट्टा निळा होता. आकाशासारखा नाही, त्याहून फिका, आणि वारा आला की तो सगळा पट्टा हलायचा. जवस. मी गाडी थांबवून खाली उतरले आणि त्या निळ्याकडे बघत राहिले. माणिकरावांना हसू आवरेना. "बाई, पाखरंबी एवढं निरखून बघत न्हाईत."

शेणकुटांवर कणसं भाजली, गरम दाणे हातावर चोळून फुंकर मारली, वर तिळाची चटणी. माझे तळहात भाजले तशा आक्का स्वतः चोळून माझ्या हातावर दाणे ठेवू लागल्या. पलीकडच्या पडीक तुकड्यात खतासाठी धनगरांची मेंढरं बसवली होती. तिथली एक बाई, ठकूबाई, आक्कांच्या ओळखीची. तिने आक्कांच्या मांडीवर एक काळंभोर कोकरू आणून ठेवलं. मला त्या पुस्तकातली चित्रं आठवली. मी सहज म्हटलं, "विलायतेत मेंढ्या पांढऱ्या असतात."

"पांढऱ्या?" ठकूबाई काळजीने म्हणाली. "म्हाताऱ्या झाल्या असतील."

आम्ही खूप हसलो. आक्का तर डोळ्याला पदर लावून हसल्या. ठकूबाई कळपाकडे गेल्यावर कोकराच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "ते लय नाराज झालेत."

"तुमच्यासाठीच करत होते ते."

"ते काय मला कळत न्हाई का?" त्या थांबल्या. "तुमाला सांगते, माय. जी चित्रं रंगवलेली हायत ती ज्यानं रंगवली त्याची. कोरी हायत ती माझी. हे वाचायला लागले की मी बसल्या बसल्या रंग भरायची. मनातल्या मनात. इतकी वर्सं भरायलेय. आता डोळे गेले की मला तेच दिसणार. तुमी वरून दुसरे लावलाव तर माझे कुठं जातील?"

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. "कोणते रंग, आक्का?"

त्यांनी मान वळवून मला शोधलं. "आजवर कुणी विचारलं न्हाई."

"वकीलसाहेबांनीसुद्धा?"

"त्यांना काय ठाऊक? त्यांना वाटतं, बिचारीला कोरंच दिसायलंय." त्या हसल्या. "आन् त्यांना वाटतं, त्यांना ती चित्राखालची भाषा येत न्हाई हे मला माहीत न्हाई. निम्मं मनानंच सांगतात. पण सांगतात लय झकास."

मग त्या बोलू लागल्या. डोंगरउतारावर मेंढ्या आणि खाली समुद्र, असं एक चित्र होतं. त्याचा प्रत्येक रंग त्यांच्याकडे ठरलेला होता. ऐकता ऐकता ऊन कलतं झालं. परतताना गाडीतून पाथरीची घरं दिसू लागल्यावर आक्का म्हणाल्या, "एक चित्र रंगवाल का? ते समुद्राचं. मी सांगते तसं."

"काल तर नको म्हणालात."

"माझ्यासाठी नकोच. ह्यांच्यासाठी. मी काय बघत होते ते ह्यांना एकदा दिसू द्या."

मालकांचं वाक्य मला आठवलं. शंभरदा नाही, पण दोन-चारदा विचार केला. ते चित्र बाजारात उद्या बिघडलेलं ठरेल, हे खरंच होतं. पण आजवर मी ज्यांच्या लुगड्यांचे रंग विचारत आले त्यांतली एकही बाई उत्तर द्यायला समोर बसलेली नव्हती. "रंगवते," मी म्हटलं.

निळीची पुडी

अडचण अशी की निळा रंग माझ्या लुगड्यावर होता, पेटीत नव्हता. आक्कांनी वकीलसाहेबांना बाजारात पिटाळलं. "कपड्याला घालायची नीळ आणा. आन् मालतीबाई काय करायल्यात ते विचारू नका, बघायला येऊ नका." वकीलसाहेब एवढे चकित झाले की काठी घरीच विसरून गेले. माणिकरावांनी बांधावरच्या बाभळीचा डिंक आणून दिला. नीळ बारीक घोटली, डिंकाच्या पाण्यात कालवली, पातळ करत करत आणली. कागद जुना आणि तहानलेला, रंग फुटला असता, म्हणून आधी त्यावर तुरटीचं पाणी फिरवून वाळवलं.

लिंबाखाली घोंगडी अंथरून आम्ही बसलो. आक्का माझ्या खांद्याला खांदा लावून, चित्राच्या एकेका तुकड्यावर नजर धरून सांगत होत्या. पहिला हात फिरवण्याआधी मी कुंचला दोनदा बुडवून परत टिपला. "भिऊ नका," त्या म्हणाल्या, "मी हाय की."

समुद्र जवसाच्या फुलाचा. "गडद नको. वाऱ्यानं पांढरा पडतो तेवढा." डोंगरावरचं बर्फ वेचलेल्या कापसाचं, म्हणजे पांढऱ्यात चिमूटभर पिवळं. डोंगरामागचा उजेड फुललेल्या करडईचा. जमीन काळी. मेंढ्या काळ्या. मेंढरांमागच्या बाईचा झगा हिरवा, त्याला लाल काठ, कारण बिनकाठाचं नेसणं आक्कांना मान्य नव्हतं. सावल्या पिकल्या जांभळाच्या.

खाली धक्क्यावर एक माणूस उभा होता, बोटाच्या पेराएवढा, लांब कोट आणि टोपी घातलेला. कोरणाऱ्याने त्याला उगीच जागा भरायला उभं केलं असावं. त्याचा रंग सांगताना आक्कांनी आवाज खाली आणला. मी सगळ्यात बारीक कुंचला घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं. नेहमीच्या वेळेला आक्कांनी पुस्तक ओसरीवर उघडून ठेवलं आणि हाक मारली. वकीलसाहेब आले, चष्मा पुसला, वाकले.

त्यांनी पुस्तक उजेडाकडे ओढलं.

"मेंढ्या काळ्या?"

"हं."

"आन् हे डोंगरामागं पिवळं?"

"करडई."

"हा समुद्र..." त्यांनी चष्मा काढून परत लावला. "हे तर सगळं आपलंच शिवार झालं. मला वाटायचं, मी तुला कुठं नेलं न्हाई, तर निदान रोज दुपारी तरी तू तिकडं जाऊन यायलीस."

"गेलते की! रोज गेलते. जाताना शिवार संगं नेत होते. अनोळखी मुलखात एकटीनं कसं जावं?"

वकीलसाहेबांचं बोट चित्रावरून, कागदाला न टेकता, हळूहळू खाली आलं. धक्क्यावर थांबलं. तिथे करड्या शेरवानीतला, काळ्या टोपीतला एक गृहस्थ समुद्राकडे पाहत उभा होता.

"हा कोण?"

आक्कांनी मान वळवून आपल्या वाटोळ्या नजरेत नवऱ्याचा चेहरा धरला आणि तिथेच ठेवला.

वकीलसाहेब खाली बसले. शेरवानीच्या खिशातून रुमाल काढून चष्मा पुसू लागले, मग डोळे. मी कुंचले धुवायच्या निमित्ताने आडाकडे गेले. पाणी खूपच गार होतं. मी उगीच एकेक कुंचला पुन्हा पुन्हा धुतला.

परतले तेव्हा पुढच्या कोऱ्या चित्रावर दोघं वाकलेली होती. वाचत कुणीच नव्हतं. वकीलसाहेब विचारत होते, "आन् हा पूल?" आणि आक्का सांगत होत्या.

"बाकीची रंगवायची का?" मी विचारलं.

"आता कशाला?" वकीलसाहेब म्हणाले. "ही सांगायलीय की."

निघताना

संक्रांत करून जा, असा आक्कांचा आग्रह होता. मी राहिले. तिळगूळ खाल्ला, गावातल्या बायकांसोबत वाण लुटलं, आणि लुगड्यावरचा डाग पाहून प्रत्येकीने सुचवलेले उपाय ऐकून घेतले. निघताना आक्कांनी माझ्या पिशवीत भाकऱ्या, तिखट आणि जवसाची पुरचुंडी कोंबली. मला जवळ घेऊन म्हणाल्या, "नीट जा माय," आणि लगेच आत वळल्या.

वकीलसाहेब पोचवायला आले. मोटारीचा पत्ता नव्हता. लिंबाच्या पारावर आम्ही बसलो. ते दर थोड्या वेळाने रस्त्याकडे पाहायचे, मग घराकडे. काठी या हातातून त्या हातात घ्यायचे. शेवटी मीच विचारलं, काही राहिलंय का घरी.

ते ओशाळले. "राग येणार न्हाई ना? आज तुफानाचं चित्र हाय. जहाज बुडायलंय, लोक दोरांना लटकलेत. हिनं अजून त्याचा रंग सांगितला न्हाई. दुपारच्याला सांगते म्हणली."

"मग तुम्ही जा. मोटार येईलच."

"पाहुण्याला असं सोडून जाणं बरोबर न्हाई."

"वकीलसाहेब, जा."

ते उठले. दोन्ही हात जोडून माझ्यासमोर वाकले, पाठीमागच्या दुकानदाराला "बाईंना मोटारीत जागा धरून द्या" असं बजावलं आणि निघाले. सुरुवातीला काठी टेकत, रोजच्या चालीने. मग वळणाच्या अलीकडे त्यांनी काठी काखेत मारली आणि भराभरा चालू लागले.